टीव्ही पंचावन्न इंची, बोल्ट अडीच सुती: भिंतीवर टीव्ही टांगताना नेमकं काय जुळत नाही?

"टीव्ही नवा, स्टँड नवा, मग बसत कसा नाही?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशोब लिहिलेला असतो: खोट टीव्हीत नाही, स्टँडमध्ये नाही, म्हणजे ती बसवणाऱ्यात आहे. मी जळगाव जिल्ह्यात घरोघरी जाऊन टीव्ही भिंतीवर बसवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत ३२ च्या जागी ४३ आणि ४३ च्या जागी ५५ आला. टीव्ही बदलला, पण भिंतीवरचा स्टँड जुनाच वापरायचा असतो. नाहीतर 'युनिव्हर्सल' असं लिहिलेला एखादा खोका ऑनलाइन आलेला असतो. घोळ तिथून सुरू होतो.

(कंपनीवाले त्याला ब्रॅकेट किंवा वॉल माउंट म्हणतात. आपल्याकडे स्टँड म्हणतात, म्हणून मीही स्टँडच म्हणणार.)

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी अमळनेरला एका घरी गेलो होतो. अंगणात लेकींसाठी झोका बांधलेला, आत पलंगावर गोधडी अंथरून ५५ इंची टीव्ही पालथा ठेवलेला. स्टँड होता, भिंतीत मारायचे बोल्टही होते. टीव्हीच्या पाठीत लावायचे चार बोल्ट मात्र खोक्यात नव्हते. घरातला मुलगा हार्डवेअरच्या दुकानातून चार बोल्ट घेऊन आला. पहिला बोल्ट हाताने दोन फेरे गोडीत गेला आणि तिसऱ्याला अडकला. आबा खुर्चीतून म्हणाले, "जोर लाव ना भो, नवा माल शे, मोकळा व्हई जाई." मी बोल्ट बाहेर काढला. आबांना वाटलं, याला काम करायचं नाही.

तो बोल्ट का अडकला ते पुढे सांगतो. आधी थोडं मागे जावं लागेल.

इंच नक्की कशाचे?

दुकानात आपण ज्या इंचांवरून टीव्ही घेतो ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण ४८ इंच रुंद, म्हणजे चार फूट, आणि २७ इंच उंच असतो. ४३ इंचीचा साडेसदतीस बाय एकवीस. सुताराला "पंचावन्नचा कप्पा कर" म्हणून सांगितलं आणि त्याने ५५ इंच रुंद कप्पा केला, असं मी दोन घरांत पाहिलंय. तिथे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना फुलदाण्या ठेवून वेळ निभावली.

खरी गोष्ट अशी की हे इंच स्टँडला काहीच सांगत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन ५५ इंची मॉडेलांना वेगवेगळा स्टँड लागू शकतो. पायताणाचा नंबर विचारला आणि समोरच्याने आपली उंची सांगितली, तसला हा प्रकार.

पाठीवरची चार भोकं

टीव्ही उलटा केला की पाठीवर चौकोनात चार भोकं दिसतात. त्यांच्यातलं अंतर हेच स्टँडचं खरं माप. या अंतराचा एक जागतिक नियम आहे आणि तो ठरवणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'व्हेसा' म्हणतात. पूर्ण नाव व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन. खोक्यावर 'व्हेसा ३०० बाय २००' असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा आडव्या अंतराचा, दुसरा उभ्या अंतराचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. काठापासून काठापर्यंत मोजलं की आठ-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि फोनवर "दोनशेदहा आहे" असं सांगितलं जातं. दोनशेदहा असं माप नसतं.

लहान टीव्हीला १०० बाय १०० किंवा २०० बाय १००, मोठ्यांना २०० बाय २००, ३०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय ४००, असे आकडे बाजारात नेहमी दिसतात. १०० बाय १०० चा नियम १४ किलोपर्यंतच्या वजनासाठी आहे आणि त्याला चार मिलिमीटर जाडीचे बोल्ट लागतात.

मग नियम असून घोळ का? एक तर हा नियम ऐच्छिक आहे. पाळला नाही तर कुणी खटला भरत नाही. शिवाय नियमाने भोकांचं अंतर आणि बोल्टची जाडी बांधून दिली, तरी पाठीचा आकार कुणी बांधलेला नाही. पूर्वीच्या टीव्हीची पाठ पाटासारखी सपाट होती. आता वरचा अर्धा भाग पापडासारखा पातळ आणि खालचं पोट पुढे आलेलं असतं, कारण सगळ्या सर्किटच्या पाट्या आणि स्पीकर खाली कोंबलेले असतात. मग वरची दोन भोकं खोल राहतात, खालची दोन उथळ. स्टँडच्या पट्ट्या सरळ, पाठ वाकडी. वरच्या भोकांवर स्पेसर घालावा लागतो. स्पेसर म्हणजे बोल्ट ज्यातून जातो तो पोकळ नळीचा तुकडा. तो कधी खोक्यात येतो, कधी नाही.

जळगाव हे पाइपांचं गाव, म्हणून आमच्यातले काही जण पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून स्पेसर करतात. मीही केलेत. आता करत नाही. मऊ प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, त्यात आपला मे महिना. वर्षभराने जाऊन पाहिलं तर बोल्ट सैल झालेला होता.

बोल्टच्या तीन गोष्टी: जाडी, आटे, लांबी

सगळ्यात जास्त वेळ, आणि सगळ्यात जास्त भांडणं, बोल्टवर जातात.

टीव्हीचे बोल्ट मेट्रिक असतात: एम ४, एम ६, एम ८. आकडा म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. घरगुती मोठ्या टीव्हींना बहुधा एम ६ किंवा एम ८ लागतो. आता हार्डवेअरच्या दुकानात जा. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण गल्ल्यावरचा माणूस आजही सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. अडीच सुती म्हणजे ७.९४ मिलिमीटर.

७.९४ आणि ८. फरक केसाच्या जाडीएवढा! डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. दुकानदाराने फसवलं असं नाही, त्याच्या बरणीत जे होतं ते त्याने दिलं.

पण बोल्टवरचे आटे पाहा. आटे म्हणजे बोल्टवरची ती गोल गोल चढत जाणारी धार. एम ८ मध्ये एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर असतं. इंची बोल्टचे आटे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली बांधून दिलेल्या मापाचे. अडीच सुतीला एका इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१ मिलिमीटर. आट्याच्या धारेचा कोनही वेगळा: मेट्रिकचा ६० अंश, व्हिटवर्थचा ५५. डोक्याची मोठी फणी आणि उवांची बारीक फणी एकमेकींत घालून पाहा. एखाददुसरा दात जाईल, पुढे दातावर दात. बरणीवर दुसऱ्याच बरणीचं झाकण लावलं की अर्धा फेरा फिरून तिरकं बसतं, ते हेच.

अमळनेरचा बोल्ट अडीच सुती होता आणि टीव्हीला हवा होता एम ८.

आबांच्या सांगण्यावरून जोर लावला असता तर काय झालं असतं? बोल्ट आत गेला असता, कदाचित पूर्ण. लोखंड जोराला दाद देतं. पण जाताना टीव्हीतल्या नटाचे आटे कापत गेला असता. तो नट पातळ पत्र्यात किंवा प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेला असतो. तो जागेवरून सुटला की बोल्टबरोबर गोल गोल फिरतो. मग बोल्ट आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. पाठ उघडल्याशिवाय इलाज नाही, आणि पाठ उघडली की वॉरंटीचा वाद. दोन सुती बोल्ट त्या मानाने प्रामाणिक. एम ६ च्या भोकात तो शिरतच नाही, तोंडावर नकार देतो. दगा देतो तो अडीच सुती.

माझा नियम साधा आहे. पहिले चार फेरे बोटांनी. पाना लावायचा नाही. बोटांनी गेला नाही तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही.

आता लांबी. आखूड बोल्ट दोन आट्यांवर लटकतो आणि एक दिवस नटाचे आटे घेऊन बाहेर येतो. लांब बोल्ट आत जाऊन पाटीला किंवा पडद्याच्या मागच्या बाजूला टेकतो. टीव्ही सुरू केल्यावर पडद्यावर एक डाग दिसतो आणि तो पुसून जात नाही. बोल्टच्या जाडीइतकी लांबी तरी आट्यांत जायला हवी. एम ६ चे आटे एकेका मिलिमीटरवर, म्हणजे कमीत कमी सहा पूर्ण फेरे. एम ८ ला सात धरा. फेरे मोजता येतात, त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही.

खोली मोजायला मी उदबत्तीची काडी वापरतो. टीव्हीचा प्लग काढलेला हवा. काडी भोकात हलकेच घालायची, टेकली की नखाने खूण करायची, पट्टीवर मोजायची. समजा भोक एम ६ चं आणि खोली १२ मिलिमीटर आली. स्टँडचा पत्रा २, वायसर दीड, स्पेसर १५. बेरीज साडेतीस. ३० चा बोल्ट घेतला तर शेवटी अर्धा मिलिमीटर उरतो, मला तो कमी वाटतो. २५ चा घेतला तर साडेसहा मिलिमीटर आट्यांत जातो, सहा फेरे पुरे. मी २५ घेईन. काडी टेकतच नसेल, आत आत जात असेल, तर भोक आतून उघडं आहे. तिथे अंदाज करायचा नाही. टीव्हीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा बोल्टची जाडी आणि लांबी छापलेली असते. ती पुस्तिका थर्माकोलबरोबर फेकू नका, एवढीच माझी विनंती. अर्ध्या घरांत ती कचऱ्यात शोधावी लागते.

"पण खोक्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलंय!"

लिहिलंय, आणि ते पूर्ण खोटंही नाही. त्याचा अर्थ इतकाच की स्टँडच्या पट्ट्यांना लांब खाचा आहेत आणि त्यात ठरावीक मर्यादेपर्यंतची अंतरं बसतात. ४०० बाय ४०० पर्यंतच्या स्टँडला ६०० बाय ४०० ची भोकं लागणार नाहीत. उलटही होतं. मोठा स्टँड लहान टीव्हीला लावला की पट्ट्या टीव्हीच्या वर आणि खाली डोकावतात, किंवा नेमकं एचडीएमआयचं तोंड झाकतात. स्टँड घट्ट बसवला, टीव्ही चढवला, आणि मग लक्षात आलं की सेट टॉप बॉक्सची वायर घालायला जागाच नाही, हे माझ्याकडूनही झालंय. त्या दिवशी टीव्ही दोनदा उतरवला, पैसे एकदाचेच घेतले.

त्या खोक्यात बोल्टची एक पिशवी असते, चार-पाच जातीचे बोल्ट. बरेचदा हवी ती जाडी असते, लांबी नसते. म्हणून मी बिस्किटाच्या एका डब्यात एम ४ पासून एम ८ पर्यंत, १२ पासून ५० मिलिमीटरपर्यंतचे बोल्ट घेऊन फिरतो. जळगावात ते मिळतात. चोपड्याला किंवा यावलला भर दुपारी दुकानं बंद असताना ऐनवेळी शोधायला गेलात की अर्धा दिवस गेला समजा.

"जुना स्टँड भिंतीत आहेच, पट्टी वेल्डिंग करून घेऊ"

हा सल्ला बहुतेक वेळा शेजारचे काका देतात. लोखंडी पट्टी वेल्डिंग करून अंतर वाढवता येतं, हे खरं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी थोडी पिळवटते, आणि चार भोकांपैकी एखादं दोन मिलिमीटरने सरकलं की चौथा बोल्ट तिरका जातो. मग कुणीतरी म्हणतं, तीन बोल्टांवर राहील. राहतोही. खाटेचा चौथा पाय नसला तरी विटेवर खाट उभी राहते. पण तिच्यावर नातवाला झोपवत नाही आपण.

अंतर वाढवणाऱ्या तयार पट्ट्या बाजारात मिळतात. त्या स्टँडच्या मापाच्या असतील तर जरूर वापरा.

भिंत कुठली आहे?

टीव्ही आणि स्टँड जुळले तरी तिसरा भिडू उरतो. स्टँडबरोबर येणारे भिंतीचे बोल्ट आणि प्लास्टिकचे प्लग (आम्ही त्याला गिट्टी म्हणतो) काँक्रीट किंवा पक्क्या विटेसाठी केलेले असतात. गिट्टीचं काम पाचरीसारखं. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकली की दांडा फुगून घट्ट होतो, तशी स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना दाबून धरते. म्हणजे कडा टणक हव्यात.

खानदेशात एकाच वाड्यात तीन जातीच्या भिंती सापडतात. पुढे नवा स्लॅबचा हॉल, पक्की वीट. मागे जुनं धाब्याचं घर, दोन-दोन फूट जाडीची मातीची भिंत. वरच्या मजल्यावर हल्लीचे हलके पांढरे ब्लॉक. पक्क्या विटेत गिट्टी चालते, फक्त ती गिलाव्यात न राहता विटेत पोचली पाहिजे. हलक्या ब्लॉकला हॅमर न लावता साध्या ड्रिलने भोक आणि त्यासाठीच मिळणारी लांब गिट्टी. मातीच्या भिंतीत गिट्टी फुगली की मातीच सरकते. तिथे मी सरळ सांगतो: लाकडी खांबांना आडवी जाड फळी घट्ट बसवा आणि टीव्ही फळीवर टांगा, नाहीतर टेबलावर ठेवा. ऐकून चेहरे पडतात.

हल्ली भिंतीवर पीव्हीसीच्या पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल लावायची हौस आली आहे. पॅनेलच्या मागे पोकळी असते. बोल्ट आवळला की पॅनेल आत दबतं आणि स्टँड डुगडुगतो. पॅनेल लावण्याआधी टीव्हीच्या जागी मागे प्लायचा तुकडा भरून घ्यायला सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो, सुतार पैसे घेऊन गेलेला असतो.

"पुढे ओढता येणारा स्टँड हवा"

स्वयंपाकघरातूनही दिसावा म्हणून हात लांब करणारा स्टँड घेतात. ५५ इंची टीव्हीचं वजन साधारण १२ ते १७ किलो, म्हणजे पाण्याने भरलेल्या एका बादलीएवढं. ही बादली छातीशी धरा, मिनिटभर सहज धराल. आता हात सरळ पुढे करून धरून दाखवा.

भिंतीचंही तसंच होतं. १५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि स्टँडच्या वरच्या-खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटणारी ओढ पावणेचार किलोची. तोच टीव्ही ४० सेंटिमीटर पुढे ओढला की ३० किलो. त्यावर २० किलोचा पोरगा लोंबकळला की ७० किलो. टीव्ही तोच, बोल्ट तेच. दुकानातल्या खोक्यावर "५० किलोपर्यंत" लिहिलेलं असतं ते स्टँडच्या लोखंडाबद्दल, तुमच्या भिंतीबद्दल नाही.

"सगळ्या कंपन्या एकच माप का ठेवत नाहीत?"

मी स्वतः याच्यावर खूप चिडलेलो आहे, तरी त्यांची बाजू सांगतो. टीव्ही पातळ आणि हलका करायचा तर भोकं तिथेच द्यावी लागतात जिथे आतल्या पत्र्याला ताकद आहे, आणि ती जागा मॉडेलगणिक बदलते. हे पटतं. चार बोल्ट खोक्यात न टाकणं मला पटत नाही. हजारो रुपयांच्या टीव्हीबरोबर बोल्टची पिशवी द्यायला काय होतं?

"कंपनीचा माणूस फुकट बसवून देतो" असंही ऐकायला मिळतं. काही कंपन्यांचा देतो, पण बहुधा त्यांच्या ठरलेल्या स्टँडवर. तुमच्या युनिव्हर्सल स्टँडला तो हात लावेलच असं नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. बोल्ट आत टेकला तर भरपाई त्यालाच मागणार.

म्हणून मला फोन करण्याआधी, किंवा दुसऱ्या कुणालाही, टीव्हीच्या पाठीचा फोटो काढा, त्यात पट्टी किंवा टेप धरा. पुस्तिकेतलं बोल्टचं पान. भिंतीवर टिचकी मारून आवाज कसा येतो तेही सांगा, भरीव की पोकळ. एवढ्यावर आमच्यातला कुणीही डब्यात योग्य बोल्ट टाकून निघेल.

अमळनेरला त्या दिवशी माझ्या डब्यात एम ८ चे बोल्ट होते, पण चारही आखूड. वरची भोकं खोल होती, ४५ मिलिमीटर हवे होते. मुलाला मोटरसायकलवर धुळ्याला पाठवलं, जाताना हातात नमुना दिला आणि "सूत बोलू नको, एम आठ बोल" असं दोनदा सांगितलं. दिवे लागायच्या वेळी टीव्ही भिंतीवर चढला. दुपारचे चार अडीच सुती बोल्ट मी दुकानात परत द्यायला सांगितले. आबांनी दिले नाहीत. अंगणातल्या झोक्याची कडी सैल झाली होती, त्यातले दोन तिथे लावले, अगदी गोडीत बसले.